खुंटीला टांगलेली माळ



सावलीहून गडचिरोलीला निघालो की व्याहाड ओलांडल्यावर वैनगंगा लागते. पलीकडे गडचिरोली जिल्हा, तिथे १९९३ पासून दारूबंदी. अलीकडे आपला चंद्रपूर जिल्हा. इथे १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. पिणारे मात्र दोन्ही काठांवर आहेत. बंदी असावी की नसावी हा वाद आज नको (मला विचाराल तर असावी). आजचा प्रश्न आपल्या घरातला आहे. एखाद्याने माळ घातली, दारू सोडली, वर्षभर नेमाने राहिला आणि मग पुन्हा प्याला. त्याला आपण काय म्हणायचे?

बहुतेक वेळा आपल्याला काही म्हणावेच लागत नाही. तोच माळ काढून खुंटीला टांगतो आणि हरिपाठाला यायचा थांबतो. त्याची श्रद्धाच खोटी होती, असे आपण मागे ठरवून टाकतो. हा निवाडा करणाऱ्यांत भजन थांबताच खर्ऱ्याची पन्नी उघडणारेही असतात, ते असो.

व्यसन कसे चढते ते पाहिले तर हा निवाडा टिकत नाही. रोवणी आटोपली, लग्न निघाले, चौघांनी आग्रह केला. मोहाची पहिली प्याली अशी हौसेने येते. पुढे तेवढ्याने भागत नाही, मात्रा वाढते. त्याही पुढे पिण्यात सुख उरत नाही. सकाळी हात थरथरतात, ते थांबावेत म्हणून माणूस पितो. या टप्प्यावर नुसती शपथ पुरत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर दोन-तीन दिवसांत झोप उडते, घाम सुटतो, काहींना झटके येतात, नसलेले दिसू लागते. गावात त्याला बाहेरची बाधा समजून अंगारा लावतात. हे काम डॉक्टरांचे आहे. उशीर झाला तर जीव जातो.

सुटण्याच्याही पायऱ्या आहेत. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात त्या मांडल्या. आधी माणसाला आपले काही चुकते हेच मान्य नसते. मग ‘पोळा झाला की सोडतो’ अशी चालढकल. मग तयारी, मग सोडणे, आणि त्यानंतर सर्वांत लांबची वाट, टिकवण्याची. या वाटेवर घसरणे इतके नेहमीचे आहे की त्यांनी तेही हिशेबात धरले. अनेक जण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला स्थिरावतात.

हा प्रश्न अर्जुनालाही पडला होता. गीतेच्या सहाव्या अध्यायात तो विचारतो, श्रद्धा आहे पण मन ढळले, असा माणूस फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून जातो का? भगवंत सांगतात, त्याचा नाश नाही. जिथे थांबला तिथूनच तो पुढे निघतो. ज्ञानेश्वरीत हा भाग आपण पारायणात दरवर्षी वाचतो. तो योगभ्रष्टासाठी आहे, पण आपल्या ओळीतून उठून गेलेल्या टाळकऱ्याला तो लागू नाही असे कोण म्हणेल?

याचा अर्थ सगळे माफ, असा नव्हे. आजार जडला हा सगळाच त्याचा गुन्हा नसेल, पण औषध घेणे हे त्याचेच काम. आणि जिने मार खाल्ला, धान विकून आलेला पैसा गुत्त्यात जाताना पाहिला, त्या माउलीला ‘आता क्षमा कर’ असे सांगण्याचा अधिकार आपल्या मंडळाला नाही. तिने विश्वास केव्हा ठेवायचा ते तिचे ती ठरवील.

आपल्या हाती काय आहे? सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पण एकट्यानेच सात दिवस ती धरावी असेही नाही; पहारे लावलेले असतात, एक थकला की दुसरा उभा राहतो. त्याच्या निश्चयालाही असेच पहारे लावता येतील. एकाने त्याला उपचाराला न्यावे. गडचिरोलीत मुक्तिपथ आहे, शोधग्रामला सर्चचे काम आहे. पुण्याला मुक्तांगण तर १९८६ पासून चालू आहे. परतल्यावर दुसऱ्याने सांजवेळी त्याच्या घरावरून यावे, कारण हरिपाठाची वेळ तीच गुत्त्याची वेळ असते. त्याला टाळ द्यावा, पंगतीत शेजारी बसवावे. वर्गणीची पेटी मात्र लगेच सोपवू नये. आणि माळ पुन्हा कधी घालायची हे त्याला विचारावे, चारचौघांत नव्हे, वाटेने चालता चालता.