गँगमन कोठे आहे, हे कोणाला कळावे?



दौंड-मनमाड लोहमार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. कोपरगाव, पुणतांबा, बेलापूर, राहुरी ही स्थानके आपल्याला तोंडपाठ आहेत. हातोडा व पाना घेऊन रुळांवरून रोज मैलोन् मैल चालणारा चावीवाला मात्र खिडकीतून क्षणभर दिसतो आणि आपण त्याला विसरतो. गेल्या काही वर्षांत रेल्वेने चावीवाले व गस्तवाले यांना जीपीएस ट्रॅकर दिले आहेत. तो कोठे आहे, किती चालला, कोठे थांबला हे साहेबांना कार्यालयात बसून दिसते.

सुरक्षेसाठी असेल तर हरकत कसली, असे पुष्कळजण म्हणतील. आम्हाला गुराच्या गळ्यातील घंटा आठवते. घंटेमुळे गुराखी निश्चिंत होतो. पण उसातून बिबट्या निघाला हे त्या गुराला घंटा सांगत नाही.

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे, शेजारच्या नाशिक जिल्ह्यात लासलगाव ते उगाव दरम्यान रुळांवर काम करणारे चार कामगार टॉवर वॅगनखाली सापडून मरण पावले. ओव्हरहेड तारांच्या देखभालीची ती गाडी विरुद्ध दिशेने आली, असे तेव्हाच्या बातम्यांत होते. ते चौघे काही हरवलेले नव्हते, नेमून दिलेल्या कामावर होते. त्यांना हवा होता तो गाडी येत असल्याचा इशारा.

तसा इशारा देणारी 'रक्षक' नावाची बिनतारी व्यवस्था रेल्वेने काही मार्गांवर आणली आहे. गाडी येत असली की टोळीजवळचे यंत्र तसे कळवते. ट्रॅकरची माहिती रुळांवरून कार्यालयाकडे जाते, 'रक्षक'ची रुळांवरच्या माणसाकडे येते. कोणी म्हणेल, हा तांत्रिक फरक आहे. आमच्या मते तो नीतीचा आहे. माणूस केवळ साधन नव्हे, असे कांट या तत्त्ववेत्त्याने बजावले होते. त्याच्या ठावठिकाण्याची नोंद त्याच्याच उपयोगी पडत नसेल, तर तो साधनच ठरला.

ट्रॅकर काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. अंधारात, पावसात एकटा गस्त घालणारा पाय घसरून पडला, तर त्याला शोधायला तोच उपयोगी पडेल. पण 'तो मरू नये' आणि 'तो बसू नये' हे दोन्ही हेतू एकाच यंत्रात मावतात, आणि दुसरा हेतू हळूच पहिल्याची जागा घेतो. बाभळीखाली दहा मिनिटे थांबल्याचा जाब द्यावा लागणार असेल, तर माणूस घाई करतो; आणि रुळांवर घाईइतके घातक दुसरे काही नाही. म्हणून ती नोंद त्यालाही दिसावी, ड्युटी संपताच यंत्र बंद व्हावे आणि केवळ तिच्या आधारावर, त्याचे म्हणणे न ऐकता पगार कापू नये.

दुहेरीकरणाच्या कामावर धोका आणखी वाढतो. एका रुळावर गाडी आली म्हणून माणूस बाजूला होतो, तो दुसऱ्या रुळावर. आणि विजेचे इंजिन जुन्या वाफेच्या इंजिनासारखे धापा टाकत, दुरून वर्दी देत येत नाही. अशा कामांवर ठेकेदाराची माणसे असतात. कोण कोठे उभा आहे हे पुष्कळदा फक्त मुकादमाला ठाऊक असते. आपल्या घरातील कोणी अशा कामावर जात असेल, तर आज जेवताना त्याला एवढे विचारा: गाडी येते आहे हे तुला कोण सांगतो?