खोड सांगून विकणे

आमच्या पांढुर्ण्याच्या मंडळीतील एका तरुणाने नागपुरात एक जुनी गाडी हेरून ठेवली आहे. शर्यतीच्या घाटाची मोटार घेण्याची ऐपत आमच्या भागात कोणाची? येथल्या तरुणांची ती हौस यामाहा आरएक्स १०० वर भागते. ही मोटारसायकल १९८५ ते १९९६ एवढीच वर्षे निघाली. तरी नवी असताना पडे त्याच्या कितीतरी पट किंमत आज जुनीला मागतात. त्याने आम्हाला विचारले, "दादा, दोन वर्षे फिरवून विकली तर पैसे निघतील ना?" आणि शब्बाथ शाळेत शिकवणारा असल्यामुळे लगेच पुढे म्हणाला, "पण असा हिशेब आपल्याला शोभतो का?"

हिशेबात पाप नाही. बुरूज बांधण्याआधी बसून खर्च मोजणाऱ्याचे उदाहरण प्रभूनेच दिले. लेवीय २५ मध्ये तर जमिनीच्या विक्रीचा दर कसा काढावा हेही सांगितले आहे. योबेल वर्षी जमीन मूळ धन्याकडे परत जायची. तोवर पिके जितकी उरली तितकी किंमत, वर्षे कमी तर किंमत कमी. सौसर-पांढुर्ण्याच्या संत्रेवाल्याला हे निराळे समजवावे लागत नाही. तो व्यापाऱ्याला बगीचा देतो म्हणजे झाडे देत नाही, एक बहार देतो. फळ किती धरले, गळ किती झाली, हे दोघेही झाडाखाली उभे राहून पाहतात. त्याच अध्यायात, दर सांगतानाच, एकमेकांना नाडू नका अशी आज्ञा आहे.

गाडीत उरलेला बहार मात्र असा उघड्यावर नसतो. मीटर मागे फिरवता येतो, रंगाखाली पुष्कळ झाकता येते. घेणाराही साधा असतो असे नाही. नीतिसूत्रे २०:१४ मधला गिऱ्हाईक मालाला नावे ठेवून भाव पाडतो आणि घरी जाताना फुशारकी मारतो. पण त्याची लबाडी तोंडाची. विकणाऱ्याजवळ ठाऊक असलेली गोष्ट असते. बैलबाजारात दात पाहून वय कळते, पण बैल मारका आहे की औताला बसतो हे धन्यालाच माहीत. खोड सांगून बैल विकणारे आणि त्यापायी चार पैसे कमी घेणारे शेतकरी आमच्या वडिलांनी पाहिले होते. सगळेच तसे नव्हते, हेही ते सांगत.

आम्हीही तसे नव्हतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आमची मोटारसायकल सौसरच्या एका गृहस्थांना विकली. अपघातात तिची चेसिस तडकली होती. वेल्डिंग करून वर काळा रंग दिला होता. भरधाव असताना ती पुन्हा तुटू शकते, असे मिस्त्रीने आम्हाला बजावले होते. त्यांनी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. आलेल्या पैशांचा दशांश मंडळीत दिला, आणि त्याच महिन्यात जक्कयावर उपदेशही केला.

त्या तरुणाला आम्ही कागदांचे सांगू लागलो. नागपूरची गाडी, म्हणजे राज्य बदलणार. तिकडच्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र हवे, मग येथे नाव चढवायचे. किल्ली दिली की गाडी गेली असे आपण समजतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याला ते मान्य नाही. विक्री झाल्याचे दोघांनीही मुदतीत कळवायचे असते. गाडी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, पण नोंद जुन्याच नावावर राहिली, तर अपघाताची भरपाई नोंदलेल्या मालकाकडे येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. जाब ज्याने द्यायचा तो मालक. आम्हाला हे शास्त्राच्या जवळचे वाटते. गाडीवर बसणारा मालक, हा आपला समज आहे.

बोलता बोलता आमचीच जीभ अडखळली. सह्या करून फॉर्म दिले होते, पुढे काय झाले ते आम्ही कधी पाहिले नव्हते.

गेल्या शनिवारी सौसरला गेलो. त्या गृहस्थांनी चहा दिला. चेसिसचे सांगितले, पैसे पुढे ठेवले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मलाही ते मागून दिसलं होतं, भाऊ. मीसुद्धा न सांगताच विकली." कोणाला, तर बाजारात भेटलेल्या एका माणसाला, गाव त्यांना नक्की आठवत नव्हते. पैसे त्यांनी घेतले नाहीत. गाडी आज कोण चालवतो ते आम्हा दोघांनाही माहीत नाही. पुस्तकावर नाव अजून आमचेच आहे.