ज्यांना आधी कळले होते

साथीची भीती अज्ञानातून येते, असे आपण सहज बोलून जातो. 2020च्या सुरुवातीला, कोविडच्या साथीत, परदेशांत शिकणाऱ्या चिनी मुलांकडे पाहिले की हे म्हणणे टिकत नाही. 23 जानेवारीला चीनमधले वुहान शहर टाळेबंदीत बंद झाले आणि घरची एकेक खबर वीचॅटवरून त्यांच्या हातात येऊ लागली. इस्पितळांपुढच्या रांगा, न मिळणाऱ्या खाटा. वुहानमधल्या डॉ. ली वेनलियांग यांनी 30 डिसेंबरलाच आपल्या वर्गमित्रांना या आजाराबद्दल सावध केले होते. त्याबद्दल पोलिसांनी त्यांना लेखी समज दिली, आणि 7 फेब्रुवारीला त्याच आजाराने ते गेले. हे सगळे ठाऊक असलेली मुले मास्क लावून वर्गात जात, तेव्हा लोक त्यांनाच आजारी समजून दूर सरकत. काहींनी रस्त्यात शिव्याही खाल्ल्या. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी 29 फेब्रुवारीला लोकांना मास्क विकत घेऊ नका असे बजावले. 3 एप्रिलला सरकारी सल्ला बदलला. त्या पाच आठवड्यांत या मुलांना कोणी साधे विचारले असते, तुम्हाला काय दिसते आहे म्हणून! जे कळते ते ऐकायला कोणी नसले की त्याचीच काळजी होऊन मन पोखरते, असे मला वाटते.

यांतली बरीचशी मुले आईबापांची एकुलती एक. जानेवारीत ती परदेशातली दुकाने धुंडाळून घरी मास्क पाठवत होती. मार्चमध्ये साथ परदेशांत पसरली, तेव्हा आईबाप तेच मास्क उलट दिशेने पाठवू लागले. आता परतावे तर 29 मार्चपासून चीनने प्रत्येक विमान कंपनीला एका देशासाठी आठवड्याला एकच उड्डाण ठेवले. ज्यांना तिकीट मिळाले त्यांना मायदेशातल्याच लोकांनी समाजमाध्यमांवर सुनावले: देश उभारायला तुम्ही नव्हता, विष घेऊन यायला मात्र सर्वांत पुढे. इकडे आड, तिकडे विहीर. सरकारी आकड्यानुसार तेव्हा सुमारे 14 लाख चिनी विद्यार्थी बाहेर होते. वकिलातींनी त्यांना मास्क आणि औषधांची पाकिटे वाटली, त्या मदतीचे मोल कमी नाही. पण त्या टोमण्याचा घाव पाकिटाने भरणारा नव्हता.

देशात राहिलेल्यांची काळजी वेगळ्या वळणाने गेली. 'गाओकाओ' ही प्रवेशपरीक्षा महिनाभर पुढे ढकलून जुलैत झाली, आणि एक कोटीहून अधिक मुले तिला बसली. पुढे विद्यापीठांची फाटके वारंवार बंद होत राहिली. बाहेर पडायला आधी परवानगी, रोजची चाचणी, फोनवर मोकळीक देणारा आरोग्याचा हिरवा कोड. विषाणूपेक्षा कोड लाल होण्याची धास्ती मोठी झाली. नोव्हेंबर 2022मध्ये टाळेबंदीतल्या उरुम्ची शहरात एका इमारतीच्या आगीत दहा माणसे गेली, तेव्हा नानजिंगमध्ये, बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात विद्यार्थी मूक निषेध म्हणून कोरे कागद हातात धरून उभे राहिले.

लंडन-न्यूयॉर्कमधले चिनी विद्यार्थीही त्यांच्यासाठी रस्त्यावर आले. अनेकांनी वार्ताहरांना नाव सांगायचे टाळले. आपल्यामुळे घरी आईवडिलांच्या दारात पोलीस येतील, ही चिंता त्यांना होती.