आजाऱ्याच्या उशाशी

दर्यापूरलाही चंद्रभागा आहे. तिच्या काठच्या खेड्यांतून कर्करोगाचे रुग्ण नागपूर-मुंबईला जाऊन येतात आणि उपाय खुंटला म्हणजे घरच्या खाटेवर पडून राहतात. माळकरी मंडळी भेटीस जातात. तिथे काय बोलावे, हा साधा रिवाजाचा नव्हे, धर्माचा प्रश्न आहे.

पुष्कळांच्या तोंडी एकच वाक्य येते, "काय करता, पूर्वजन्मीचे भोग!" बोलणारा मोकळा होतो, ऐकणारा रात्रभर आपली पापे मोजीत बसतो. श्रीरामकृष्ण परमहंस १८८६ साली घशाच्या कर्करोगाने गेले. आपल्या वऱ्हाडचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनाही हाच रोग जडला व १९६८ साली मोझरीस त्यांनी देह ठेवला. त्यांची कोणती पापे आपण काढणार? रोगावरून पाप मोजण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिलेला नाही.

मग नाम सांगू नये काय? सांगावे, पण आधी वेदना पाहावी. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता, तेव्हा देवालाही विटेवर थांबावे लागले. देव रागावला नाही. जखम धुणे, कूस पालटणे, कोरडे ओठ ओले करणे, डॉक्टरांनी दिलेले मॉर्फिन वेळेवर देणे, ही त्या घरची पूजाच होय. 'सवय लागेल' या भयाने ते औषध चुकवू नये. शंका असेल तर डॉक्टरांना विचारावी.

जागतिक आरोग्य संघटनाही अशा शुश्रूषेत शरीराबरोबर मनाचे व आत्म्याचे दुःख धरते. म्हणून जाणती परिचारिका उपदेश करीत नाही, विचारते, "आबा, तुम्हाला कशानं बरं वाटते?" कोणी हरिपाठ मागतो, कोणी दुआ, कोणी रुसलेल्या भावाला बोलवा म्हणतो. कोणी काहीच मागत नाही. नुसता हात धरून ठेवतो. "माह्याच वाट्याला काऊन आलं?" असे कोणी विचारले, तर उत्तराची घाई करू नये. त्याला उत्तरापेक्षा ऐकणारा माणूस हवा असतो. आपला देव त्याच्यावर लादणे ही सेवा नव्हे.

तर मायबापहो, आजाऱ्याकडे जाल तेव्हा टाळ पिशवीतच असू द्या. आधी त्याच्या उशाशी बसा, पाणी पाजा, ऐका. त्याने मागितले, तर हळू आवाजात नाम घ्या. तेवढ्यात विठोबा थांबेल. थांबण्याची त्याला जुनी सवय आहे.

रामकृष्णहरी.