नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत अंतर एका मात्रेचे. पण पहिला संस्कार आहे आणि दुसरा दोष. हा भेद भिलाईसारख्या ठिकाणी फार जपावा लागतो. १९५९ च्या फेब्रुवारीत येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि भोवतालच्या वसाहतीत साऱ्या प्रांतांची नावे शेजारी नांदू लागली. हजेरीपटावर देशपांडे, साहू, मथाई, वर्गीस अशी नावे एकाखाली एक वाचताना आम्ही मनातल्या मनात निवाडा करून मोकळे होतो : हे आपले, ते परके. या निवाड्यास आधार कोणता?

अर्थाचा म्हणावा, तर तो टिकत नाही. मथाई हे बायबलातील मत्तय या नावाचे मल्याळी रूप. मूळ हिब्रू अर्थ ‘देवाचे देणे’. हाच अर्थ आमच्या घरी देवदत्त होऊन येतो. वर्गीस म्हणजेच जॉर्ज. ग्रीक भाषेत जमीन कसणारा. पेत्र म्हणजे खडक, थॉमस म्हणजे जुळा, योहान म्हणजे ‘परमेश्वर कृपाळू आहे’. थोरल्या मुलास आजोबांचे नाव देण्याची केरळातील सीरियन ख्रिस्ती घराण्यांची रीतही आम्हांस अनोळखी नाही.

धर्माचा आधार घ्यावा, तर तोही डळमळतो. काशीस राहणारे नीळकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी नेहेम्या हे नाव धारण केले. त्याचा अर्थ ‘परमेश्वर सांत्वन करतो’. बायबलातील नेहेम्या इराणच्या बादशहाच्या पदरी चाकरीस होता. मन मात्र यरुशलेमच्या पडक्या तटाकडे लागलेले. गाव सोडून नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींस हे नाव परके का वाटावे? उलट, नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण विष्णूची दोन्ही नावे त्यांनी अखेरपर्यंत बाळगली. त्यांचे पुत्र देवदत्त, नातू अशोक. गोऱ्यांची निष्ठा अधिक खरी की टिळकांची, हे नावांवरून कोण सांगेल?

कोणी म्हणेल, नाव ही वाडवडिलांची खूण आहे. ती वाचली तर बिघडले काय? खूण वाचण्यात काहीच गैर नाही. गैर आहे ते खुणेवरून माणसाची किंमत ठरविणे. नाव ठेवले जाते तेव्हा मूल पाळण्यात असते. त्याची संमती कोणी घेतलेली नसते. दुसऱ्याने केलेल्या निवडीबद्दल त्यास जबाबदार धरणे न्यायाचे नाही. आमच्या आडनावाच्या शेवटी ‘कर’ ऐकताच कोणी आम्हांस उपरे ठरविले, तर मनास लागते ते याच कारणाने.

नाव ज्याचे असते त्याच्यापेक्षा इतरांच्याच तोंडी अधिक येते. म्हणून नाव कोणते ठेवावे हा आईबापांचा अधिकार असला, तरी ते कसे उच्चारावे ही आम्हां शेजाऱ्यांची जबाबदारी आहे. शेजारच्या मथाईस त्याच्या नावाचा अर्थ ठाऊक असेल वा नसेल. आम्हांस तो कळला आहे. उद्या त्यास हाक मारताना, ज्याला आम्ही परका समजत होतो तोही कोणाच्या तरी घरी देवाचे देणे म्हणूनच आला आहे, एवढे आठवले तरी पुरे.