वाट आणि ऋण

दूरवर पायी चालू इच्छिणाऱ्या भाविकापुढे युरोपात दोन प्रसिद्ध वाटा आहेत. पहिली स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला येथे, प्रेषित याकोबाच्या समाधीकडे जाते. तिचा सर्वांत परिचित मार्ग फ्रान्समधून निघतो आणि सुमारे ७८० किलोमीटर लांब आहे. मात्र अखेरचे १०० किलोमीटर पायी चालणाराही यात्रेकरू मानला जातो. दुसरी आहे पोर्तुगालच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरची ‘मच्छीमारांची वाट’. कड्यांवरून व वाळूतून ती सुमारे २२५ किलोमीटर जाते. हाती पंधरवड्याची रजा असेल, तर यांतली कोणती निवडावी?

पहिली वाट पवित्र आणि दुसरी ऐहिक, हे उत्तर चटकन सुचते. पण ते टिकत नाही. पोर्तुगालच्या त्या किनाऱ्याला नाव मिळाले तेच संत विन्सेंटच्या भूशिरावरून. परंपरा सांगते की, या रक्तसाक्षी संताचे अवशेष तेथे होते व ११७३ मध्ये ते लिस्बनला नेण्यात आले. आणि ज्या याकोबाच्या समाधीकडे यात्रेकरू जातात, तो तरी कोण? गालीलच्या सरोवरावरचा कोळी! बाप जब्दी आणि होडी मागे सोडून तो प्रभूमागे गेला. वसईतील आगाशीचे चर्च याच संताच्या नावाचे आहे.

दोन वाटांतला खरा फरक ऋणाचा आहे. किनाऱ्यावरचा वाटसरू खोली राखून ठेवतो, भाडे चुकते करतो आणि मोकळा होतो. यात्रामार्गावरील अनेक निवासांत मात्र आधी येईल त्याला खाट मिळते. काही ठिकाणी दरही ठरलेला नसतो. पेटीत ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे टाकावे. तेथे राबणारे स्वयंसेवक पुष्कळदा स्वतः ही वाट चाललेले असतात. अशा ठिकाणी एखादा सधन प्रवासी केवळ स्वस्तात सहल व्हावी म्हणून लवकर पोहोचून खाट अडवतो, आणि मागून पाय फोडांनी भरलेला वृद्ध येऊन परत फिरतो. नियम मोडलेला नाही. परंतु न्याय झाला काय?

सहलीला निघालेल्यावरही देवाची कृपा होऊ शकते, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण कृपेची आशा ही दुसऱ्याच्या वाट्याचे घेण्याची सबब होऊ शकत नाही. सांतियागोच्या यात्रा-कार्यालयात यात्रेचा हेतू विचारतात. धार्मिक वा आध्यात्मिक हेतू सांगणाऱ्यास ‘कोंपोस्तेला’ हे प्रमाणपत्र मिळते, इतरांस वेगळे. तेथे उत्तर पडताळणारा कोणी नसतो. आपला विवेक तेवढा साक्षी असतो.

ज्याला विसावा अन् एकांत हवा आहे, त्याने निःसंकोच सागराची वाट धरावी. त्याची श्रद्धा त्यामुळे उणी होत नाही. यात्रेची वाट मात्र त्याने धरावी, ज्याला परक्याकडून घेताना संकोच वाटत नाही आणि घेतलेले पुढच्याला देण्याची ज्याची तयारी आहे. सायंकाळी उशिरा दाराशी आलेल्या थकल्या माणसाला आपली खाट देता येईल का, हे त्याने घरून निघण्यापूर्वीच स्वतःला विचारावे.