‘सलग’ हा शब्द कुणी लिहिला?

बसा. खिडकीजवळच्यांनी मोबाइल सॅकमध्ये टाका आणि सॅक खाली ठेवा. हजेरी नंतर घेतो, आधी हा गठ्ठा बघा.

बेचाळीस वह्या आहेत. विषय मी दिला होता: लोक ज्याला ‘सेफ सीट’ म्हणतात अशा एका विधानसभा मतदारसंघाचा मतदानाचा इतिहास. बहुतेकांनी सांगोला घेतला. घेणारच, आपल्याच जिल्ह्यातला आहे. परवा रात्री चहा घेऊन तपासायला बसलो. पहिल्याच वहीत वाक्य होतं, ‘गणपतराव देशमुख सांगोल्यातून सलग अकरा वेळा आमदार झाले.’ खाली लाल रेघ ओढली. दुसरी वही, तेच वाक्य. तिसरी, तेच. पाचव्या वहीत ‘सलग’चं ‘सगल’ झालं होतं, आणि सहाव्या, सातव्या, आठव्या वहीतही ‘सगल’च! कुणी कुणाची वही समोर ठेवून उतरवली ते पंचनामा न करता कळलं. चहावर साय धरली, रेघा मात्र ओढत राहिलो.

आता फळ्याकडे बघा. 1962. 1967. 1974. 1978. 1980. 1985. 1990. 1999. 2004. 2009. 2014. मोजा. अकरा भरतात, बरोबर. आता सांगा, 1967 नंतर एकदम 1974 कसं आलं? 1972 ला निवडणूक झाली नव्हती काय? आणि 1990 नंतर थेट 1999? मधलं 1995 कुणी खाल्लं?

गप्प का? वहीत तर पानंच्या पानं बोलत होता.

1972 ला गणपतराव पडले. नीट लिहून घ्या, पडले. त्या वर्षी बांगलादेशच्या युद्धानंतरची इंदिराबाईंची लाट होती आणि महाराष्ट्रात 270 पैकी 222 जागा काँग्रेसनं नेल्या. शेतकरी कामगार पक्षाचा सांगोला त्यात वाहून गेला. दोन वर्षांनी पोटनिवडणूक लागली आणि त्याच लोकांनी त्याच माणसाला परत बोलावलं. यादीतलं 1974 ते आहे. ज्यानं यादी नुसती वाचली असती त्याच्याही लक्षात आलं असतं, की हे साल सार्वत्रिक निवडणुकीचं नव्हे. पण वाचायची कुणी? उतरवून काढायला डोळे लागत नाहीत, मनगट पुरतं.

आणि 1995. इथं मला खरा राग आला. बेचाळीस वह्यांत तीन जणांनी 1995 चा पराभव लिहिला, आणि तिघांनीही तो कंसात उरकला. अरे, त्या निवडणुकीत शहाजीबापू पाटील काँग्रेसकडून उभे होते आणि ते किती मतांनी आले? 192. एकशे ब्याण्णव! तेहतीस वर्षांत सात वेळा निवडून आलेला माणूस 192 मतांनी पडतो आणि तुम्ही त्याला कंसात घालता?

गणित करा. हो, राज्यशास्त्राच्या तासाला गणित. फरक 192 चा आहे. इकडची सत्त्याण्णव माणसं तिकडे गेली असती तर निकाल उलटा. सत्त्याण्णव माणसं म्हणजे दोन एसटी, त्याही बाजाराच्या दिवशी भरतात तशा भरलेल्या. त्या काळी यंत्र नव्हतं, कागदाची मतपत्रिका होती. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला की मत बाद. एका मतदारसंघात हजार-दोन हजार मतपत्रिका बाद होणं ही नेहमीची गोष्ट होती. म्हणजे जिथं बाद मतांच्या ढिगाऱ्याखाली निकाल झाकला जाऊ शकत होता, त्याला तुम्ही ‘अभेद्य बालेकिल्ला’ म्हणता. हा शब्द एका वहीत मी सतरा वेळा मोजला. कुणाची वही ते सांगत नाही, तिसऱ्या बाकावर मान खाली गेलेली दिसतेच आहे.

आता तुमची कारणं. ‘गणपतराव एसटीनं फिरायचे म्हणून निवडून यायचे.’ फिरायचे, आख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण एसटीनं मीपण फिरतो, मला तर ग्रामपंचायतीला कुणी उभं करत नाही. 1972 ला काय ते मोटारीनं फिरत होते? साधेपणा 1967 ला होता, 1972 ला होता, 1995 लाही होता. जे कारण जिंकताना हजर आणि हरतानाही हजर, त्यानं निकाल कसा उलगडेल? दुसरं कारण, ‘जातीचं गणित’. तालुक्यात धनगर समाज मोठा आहे आणि गणपतराव त्याच समाजातले, हे खरं. पण मतदारांची जात 1990 आणि 1995 च्या मध्ये बदलत नसते रे. तरी निकाल बदलला. मग गणितात आणखी काहीतरी आहे ना? ते शोधायला सांगितलं होतं.

त्या तालुक्यात पाणी शोधायला हवं होतं. दुष्काळ, माणदेशाची कोरडी जमीन, डाळिंबाच्या बागा, सहकारी सूतगिरणी, टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी कुठल्या गावच्या शिवेपर्यंत आलं आणि कुठं थांबलं. विरोधी बाकावर बसून पाण्यासाठी वर्षानुवर्षं बोलत राहिलेला हा आमदार दोनदा मंत्रीही झाला, 1978 च्या पुलोद सरकारात आणि 1999 नंतर विलासराव देशमुखांच्या. मंत्रिपद मिळाल्यावर मतं वाढली की घटली? बेचाळीसपैकी एकाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नाही. एकीनं मात्र लिहिलंय, ‘तिथली भोळी जनता डोळे झाकून मतदान करी.’ उभी राहा बाळ. घरी आजीला विचारलंस कधी, तिनं मत कुणाला दिलं आणि का? विचार. भोळं कोण ते कळेल. बस.

एक किरकोळ गोष्ट, किरकोळ म्हणून पटकन सांगतो. दोघांनी ‘सुरक्षित मतदारसंघ’ म्हणजे ‘राखीव मतदारसंघ’ समजून माळशिरसवर लिहिलं. माळशिरस आणि मोहोळ हे अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. राखीव म्हणजे उमेदवार कोण असू शकतो याचा नियम. सुरक्षित म्हणजे कोण निवडून येणार याचा तुमचा अंदाज. पहिला कायद्यानं ठरतो, दुसरा पारावर. दोघांनाही शून्य.

आता 2019. शहाजीबापू म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? हसू नका. गुवाहाटी आठवते, झाडी पाठ, डोंगार पाठ, हाटील पाठ. 768 पाठ आहे कुणाला?

नाहीच.

शहाजीबापू 1995 नंतर पुन्हा पुन्हा पडले. 2014 ला शिवसेनेकडून उभे राहिले, गणपतरावांना 94,374 मतं, यांना 69,150. राज्यभर भाजपची हवा असताना शेकापनं इथं 25,224 चं लीड घेतलं. तेव्हा गणपतरावांनी वयाची पंच्याऐंशी कधीच ओलांडली होती. 2019 ला वयामुळे ते थांबले आणि नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. नातवाला 98,696 मतं पडली. आजोबांना आदल्या खेपेला मिळाली त्यापेक्षा चार हजारांनी जास्त! आणि तरी पडला, कारण शहाजीबापूंना 99,464 मिळाली. फरक 768 चा.

म्हणजे ‘गड ढासळला’ हे जे तुम्ही लिहिलंत, ते आकड्यात बसत नाही. गडावरची माणसं वाढली होती, खालची त्याहून जास्त वाढली. 2019 ला राष्ट्रवादीचे दीपक साळुंखे शहाजीबापूंच्या बाजूनं होते, हे एका वहीत आहे. कुणाची ही वही? शाबास. पण अक्षर सुधार.

पुन्हा गणित. दोघांची मिळून मतं 1,98,160. त्या वेळी एका केंद्रावरचे मतदार दीड हजारापलीकडे जात नव्हते. तेव्हा नुसती ही मतं घ्यायलाही कमीत कमी 133 केंद्रं लागली असती, प्रत्यक्षात याहून पुष्कळ जास्त होती. 768 ला 133 नं भागा. एका केंद्रामागे सहा मतंसुद्धा नाहीत. एका घरातली माणसं, फार तर शेजारचं घर धरा.

मग 2024. दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख, 1,16,256. शहाजीबापू, आता शिंदेंच्या शिवसेनेतून, 90,870. आणि तिसरे तेच दीपक साळुंखे, या वेळी ठाकरेंच्या शिवसेनेची उमेदवारी घेऊन स्वतः मैदानात, 50,962. गुलाल शेकापचा, 25,386 मतांनी. तुम्ही काय लिहिलंत? ‘बालेकिल्ला पुन्हा काबीज.’ झालं, विषय संपला! अरे, दोन नंबर आणि तीन नंबरची बेरीज तरी मारायची. 1,41,832 होते, विजयी उमेदवारापेक्षा पंचवीस हजारांवर जास्त. लढत तिरंगी नसती तर काय झालं असतं? मी सांगणार नाही, कारण ते कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. साळुंखेंची सगळी मतं शहाजीबापूंकडेच गेली असती असं धरणारा शहाणा आणि ‘बालेकिल्ला’ लिहिणारा शहाणा, दोघं एकाच बाकावरचे. पण प्रश्न विचारता येतो. तो तुमच्या वहीत नाही. 2008 च्या पुनर्रचनेत या मतदारसंघाला पंढरपूर तालुक्यातली गावं जोडली, 1995 चा सांगोला आणि 2019 चा सांगोला नकाशावर एक नाहीत, हेही नाही.

मागून कोण पुटपुटलं? ‘सर, घराणं असलं की सीट निघतेच.’ ऐक मग. केरळात कोट्टायम जिल्हा आहे. तिथं पाला नावाचा मतदारसंघ 1965 ला तयार झाला आणि तेव्हापासून के. एम. मणी तिथून एकदाही पडले नाहीत. याला म्हणतात सलग. 2019 च्या एप्रिलमध्ये ते गेले, सप्टेंबरात पोटनिवडणूक झाली आणि त्यांच्या पक्षाचा उमेदवार 2,943 मतांनी पडला. 2021 ला खुद्द मुलगा उभा राहिला, तोही पडला. त्याच जिल्ह्यात पुदुप्पळ्ळी. ओमन चंडी 1970 पासून तिथले आमदार, 2023 ला गेले, आणि पोटनिवडणुकीत त्यांचा मुलगा 37,719 मतांनी आला. जिल्हा तोच, बाप दोघेही दिग्गज, मुलांचे निकाल उलटे. घराण्यानं तिकीट निघतं रे, सीट निघेलच असं नाही. आणि पालाचे जुने आकडे बघितले तर मणींचं 2016 चं लीड 4,703 वर आलेलं होतं. भिंतीला ओल आधीच धरली होती, रंग चांगला होता म्हणून दिसली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी तास घेतला ती. परवा वह्या गोळा करताना मी सहज विचारलं, 20 नोव्हेंबर 2024 ला मत कुणी कुणी दिलं? ज्यांचं नाव यादीत होतं त्यांच्यातल्या निम्म्यांचे हात वर आले. एकानं मोठ्या दिमाखात सांगितलं, ‘सर, पुण्याला होतो. एवढ्यासाठी कोण येणार? आमच्याकडं तसंपण ठरलेलंच असतं.’ माझ्या तोंडून तेव्हा शब्द फुटला नाही, आज फुटतोय.

मी अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून बसलोय. आदल्या दिवशी यंत्रं घेऊन एसटीनं जायचं, शाळेच्या व्हरांड्यात डासांत झोपायचं, पहाटे उठून अभिरूप मतदान घ्यायचं, मतं मोजून दाखवायची, पुसायची, सील लावायचं. एकदा एका वाडीवरच्या शाळेत होतो. दिवसभर पावसाची रिपरिप. सहा वाजायला आले आणि रांगेत तीसेक माणसं. नियम असा, की वेळ संपली की रांगेतल्यांना सहीच्या चिठ्ठ्या द्यायच्या आणि त्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करून वाटायच्या, म्हणजे नंतर मागं कुणी घुसत नाही. पहिली चिठ्ठी घेऊन मी रांगेच्या टोकाला गेलो. तिथं एक म्हातारी, डोक्यावर पोत्याची खोळ, हातात चप्पल. तुटली होती. म्हणाली, ‘गुरुजी, माझा नंबर लागंल न्हवं?’ म्हटलं, लागेल आजी, तुमच्या हातातच पहिली चिठ्ठी आहे. तिनं ती पदरात बांधली. तिचं मत पडायला पावणेसात झाले. बोटाला शाई लावताना आमच्या पोरानं विचारलं, ‘आजी, एवढा वेळ कशाला थांबला, कोण येणार ते माहितीच आहे की.’ ती म्हणाली, ‘तुला म्हाईत आसंल. मी सांगितल्याबगर कसं म्हाईत?’

तो पुण्याला असणारा मुलगा आता फळ्यावर यावा. ये. खडू घे. 1962 पासून 2024 पर्यंतची सगळी सालं एकाखाली एक लिही, पोटनिवडणुकीसकट. पुढं कोण आलं ते, आणि 1995 व 2019 पुढं किती मतांनी तेही. आकडा मोठा काढ, मागच्या बाकावरून दिसायला हवा.

बाकीच्यांनी आपापली वही घेऊन जा. सोमवारी परत हव्यात. निवडणूक आयोगाचे निकालाचे अहवाल फुकट मिळतात, एकमेकांच्या वह्यांपेक्षा स्वस्तच पडतील. आणि व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही. ‘सलग’वर एक रेघ मारा आणि शेजारी खरं काय ते लिहा. खालचा ‘सलग’ मला वाचता आला पाहिजे.

ज्यांचा ‘सगल’ आहे, त्यांचाही.